बार्बरा ॲलनचं गाव कोणतं?

इंग्लंडातल्या शेफिल्डजवळच्या एका पबच्या माडीवर दर आठवड्याला गाण्याची बैठक भरते. खाली टीव्हीवर फुटबॉल आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. वर जायचा जिना अरुंद आणि त्यावरचा गालिचा इतका जुना, की पाय टाकला की बिअरचा आंबूस दर्प वर येतो. माडीवर भिंतीला लागून बाकं, मधली जागा मोकळी, टेबलांखाली पावसात भिजून आलेले कुत्रे. माईक नाही. पाळीपाळीनं एकेकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि कोरस आला की सगळ्यांनी उचलायचा. माझी पाळी आली तेव्हा मी ‘बार्बरा ॲलन’ हे जुनं कथागीत म्हटलं. टाळ्या पडल्या, बेताच्या पण मनापासून. मग खिडकीशी बसलेले एक वयस्कर गृहस्थ किंचित पुढे वाकून म्हणाले, “छान. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांतली चाल ना ही? कुठून मिळाली तुम्हाला?” बॉस्टनजवळ शिकले, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, ग्लासातला एक घोट घेतला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “आणि तुमच्याकडचं काही नाही का?”

त्यात खोच नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं. परक्या बाईला आपल्यात बसवून घेण्याची ती त्यांची रीत होती. तरी परतताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटवर बसून, वाफ धरलेल्या काचेवर बोटानं रेघोट्या ओढत, मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. अमेरिकेत इतकी वर्षं तेच गाणं म्हटलं, तिथं एकदाही कुणी असं विचारलं नव्हतं. न विचारण्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं. आता त्या बसमध्ये पहिल्यांदाच शंका आली, की तिथं कुणाला विचारावंसं वाटलंच नव्हतं की काय.

बॉस्टनजवळच्या त्या गावात गाण्याचं वर्तुळ चर्चच्या तळघरात भरायचं. पांढऱ्याफटक ट्यूबलाइट, घडीच्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं पिंप, त्याशेजारी कुणीतरी घरून करून आणलेले ब्राउनी आणि त्यांच्यापुढे ‘यात अक्रोड आहेत’ अशी चिठ्ठी. दारात शिरल्याबरोबर छातीवर चिकटवायला नावाचा कागद आणि मार्कर. दारू नाही, कुत्रे नाहीत. आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक स्पायरल बाइंडिंगचं जाडजूड पुस्तक. १९८८ साली निघालेल्या त्या पुस्तकात बाराशे गाण्यांचे शब्द आणि वर गिटारचे कॉर्ड आहेत. स्वरलिपी नाही, चाल कुणाला तरी येत असतेच असं गृहीत धरलेलं. कुणीही गाणं सुचवायचं, लगेच चहूबाजूंनी “पान किती?” असा गलका व्हायचा, पानं फडफडायची, दहा-बारा गिटार एकदम सुरू व्हायच्या आणि सगळे पहिल्या ओळीपासून गायचे. एकट्यानं गाणं आणि बाकीच्यांनी ऐकणं हा प्रकार जवळपास नव्हताच. मी नवी होते, उच्चार वेगळे होते, गळा बरा होता पण धीर नव्हता. त्या गलक्यात माझा आवाज कधी मिसळून गेला ते कळलंही नाही. शेजारच्या बाईंनी निघताना मिठी मारली आणि “पुढच्या वेळी नक्की ये” असं बजावलं. परदेशात पहिल्या हिवाळ्यात अशा मिठीची किंमत काय असते हे ज्यानं तो हिवाळा काढलाय त्यालाच कळेल.

इथं शेफिल्डला मांडीवर पुस्तक उघडलं तर कुणी हाकलून देत नाही, पण बघतात. गाणं पाठ असलं पाहिजे. अडलात तर कुणीतरी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून हलकेच पुढची ओळ पुरवतं. म्हणजे गाणं त्यांनाही पाठ असतं, पण ते तुमच्यासोबत म्हणत नाहीत. तुमचं म्हणून झाल्यावर मग कोरसात असे तुटून पडतात की काचा थरथरतात. शिवाय हे सगळे एका सुरात गात नाहीत. चार जण खालचा स्वर धरतात, कुणी वरचा काढतो, आणि कुणीही न शिकवता, न ठरवता त्या माडीवर हार्मनी उभी राहते. बॉस्टनच्या तळघरात मी गाण्याच्या आत होते. इथं मी आधी गाण्याच्या समोर उभी राहते आणि मग ते मला आत घेतात.

गाण्याआधीच्या प्रस्तावनेतही मला फरक जाणवायचा, आणि त्यावरून नवरा नि मी घरी नकला करून हसायचो. अमेरिकेत कॉफीहाउसमध्ये कुणी गिटार घेऊन उभा राहिला की आधी स्वतःबद्दल सांगणार: आई गेली त्या वर्षी मी हे लिहिलं, घटस्फोटानंतर टेक्सासला गाडी चालवत जाताना हे सुचलं. गाणं त्याचं स्वतःचंच असतं, कालपरवाचं असतं, आणि तरी ते लोकसंगीताच्या कार्यक्रमात बिनदिक्कत बसतं. इंग्लंडात उभा राहिलेला माणूस स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही, गाण्याची वंशावळ सांगतो. हे नॉरफकच्या अमुक कोळ्याकडून तमुक साली कुणी टिपून घेतलं, त्याला तिसरं कडवं आठवत नव्हतं, ते मी लिंकनशरच्या दुसऱ्या पाठातून घेतलंय, आणि शेवटची ओळ माझी आहे, माफ करा. प्रस्तावना गाण्याहून लांब होते कधी कधी. सुरुवातीला मला हा पंडिती आव वाटायचा. नंतर लक्षात आलं, स्वतःला लपवायचा हा त्यांचा मार्ग आहे. ‘मी’ म्हणायची लाज वाटते, मग कोळी पुढे करायचा.

आता बार्बरा ॲलनचीच वंशावळ पाहू. लंडनच्या सॅम्युअल पीप्सनं २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, की एका नटीनं म्हटलेलं हे छोटंसं ‘स्कॉच’ गाणं ऐकून तो खूश झाला. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी खुद्द लंडनमध्येही ते ‘इथलं’ नव्हतं. मग हे गाणं जहाजातून अमेरिकेला गेलं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या अशा जुन्या कथागीतांचा सर्वांत मोठा संग्रह कुणी केला, तर हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या प्राध्यापकानं. बॉस्टनच्या शेजारी बसून, बहुतांशी पोथ्या आणि जुनी पुस्तकं धुंडाळून त्यानं ३०५ कथागीतं लावली, आणि १८८२ ते १८९८ या काळात ती छापून निघाली. आजही शेफिल्डच्या माडीवर कुणी ‘चाइल्ड ८४’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, बार्बरा ॲलन. आपल्या घरची गाणी ब्रिटिश लोक एका अमेरिकन माणसाच्या क्रमांकांनी ओळखतात, याचं त्यांना काहीच वाटत नाही. मला मात्र वाटतं, विशेषतः बसमध्ये भांडताना.

उलट बाजूनं सेसिल शार्प हा इंग्रज. १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिजला पाद्रीबुवांच्या बागेत माळी गाताना त्यानं ऐकला आणि तिथून त्याचा गाणी टिपण्याचा नाद सुरू झाला. त्या माळ्याचं नावच जॉन इंग्लंड होतं. कादंबरीत कुणी असं नाव दिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. पुढे १९१६ ते १९१८ मध्ये शार्प आणि त्याची सहकारी मॉड कार्पेलीस ॲपलेशियन डोंगरांत फिरले. दम्याचा त्रास, ताप, चिखलाचे रस्ते, खायला मिळेल ते. दीड हजारांहून जास्त चाली त्यांनी वहीत उतरवल्या. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांकडेच उरलेली गाणी इथं पोरंसोरं म्हणतात, याचा शार्पला इतका हर्ष झाला की त्याला ते डोंगर म्हणजे जपून ठेवलेलं जुनं इंग्लंडच वाटलं. तो जे शोधायला गेला होता तेच त्याला सापडलं. त्याच डोंगरांत बॅन्जो वाजत होते, कृष्णवर्णीय माणसं राहत होती, भजनं गायली जात होती, त्यांतलं फार थोडं वहीत आलं. पण एक नोंद आहे. १९१८ मध्ये व्हर्जिनियातल्या नेलिसफर्डला, एकेकाळी गुलामगिरीत राहिलेली एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई त्याला भेटली. सगळे तिला आन्ट मरिया म्हणत. तिनं त्याला बार्बरा ॲलन म्हणून दाखवलं, आणि शार्पनं ते कौतुकानं टिपून घेतलं.

तिला कुणी विचारलं असेल का, तुमच्याकडचं काही नाही का म्हणून?

त्या गृहस्थांनी मला विचारलेल्या प्रश्नामागे एक नियम आहे, हे मला नंतर एका गायिकेनं सांगितलं. गोष्ट इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि प्रत्येक जण ती थोडी वेगळी सांगतो. लॉनी डोनेगन या ब्रिटिश गायकानं अमेरिकन कृष्णवर्णीय गायक लेड बेलीचं रेल्वेवरचं गाणं स्वस्तातली गिटार आणि कपडे धुवायचा पत्रा घेऊन म्हटलं, १९५६ मध्ये ते गाजलं आणि ब्रिटनमधल्या पोरांना वेडच लागलं. गल्लोगल्ली स्किफल, म्हणजे असंच घरगुती वाद्यांवरचं गाणं. पबच्या माड्यांवर क्लब निघाले आणि लंडनची, लिव्हरपूलची मुलं मिसिसिपीच्या काठच्या तुरुंगांची गाणी गाऊ लागली. त्याच वर्षी पेगी सीगर ही अमेरिकन मुलगी बॅन्जो घेऊन लंडनला आली आणि तिची गाठ ईवन मॅक्कॉल या गायकाशी पडली. पेगीनंच पुढे सांगितलंय, की त्यांच्या क्लबात एक जण लंडनच्या अस्सल कॉक्नी उच्चारात लेड बेलीचं गाणं म्हणायला लागला आणि तिला हसू आवरेना. त्यावरून वाद झाला, आणि त्यातून ठरलं की या मंचावर ज्यानं त्यानं आपापल्या देशातलं, आपापल्या भाषेतलंच म्हणायचं. नियम त्यांच्या क्लबापुरता होता, पण त्याची हवा सगळ्या ब्रिटनभर पसरली. कुणी तो पाळला, कुणी त्यावर चिडून उलट वागलं. माहीत मात्र सगळ्यांना झाला.

म्हणजे इंग्रजांनी इंग्रजीच गावं, हा ब्रिटिश नियम एका अमेरिकन मुलीच्या हसण्यातून निघाला. आणि तो ज्यानं सर्वांत कडक पाळायला लावला, तो मॅक्कॉल सॅल्फर्डच्या कारखान्यांच्या धुरात जिमी मिलर या नावानं वाढलेला. आईबाप स्कॉटिश, म्हणून तो स्कॉटिश गाणी म्हणे. जन्मगाव एक, नाव दुसरं, गाणी तिसरीकडची. मला यात दंभ दिसत नाही, उलट फार जवळचं काहीतरी दिसतं. ज्याला आपण कुठले हे रोज ठरवावं लागतं, तोच असा नियम करतो. माझ्या ओळखीतली परदेशात राहणारी किती मराठी माणसं मॅक्कॉलहून कडक आहेत, हे मी नावं न घेता सोडून देते.

नियमामागे राजकारणही होतं, आणि गंमत अशी की दोन्हीकडचे लोक एकाच डाव्या बाजूचे. लोकगीतं गोळा करणारा टेक्सासचा ॲलन लोमॅक्स कम्युनिस्टांच्या धरपकडीच्या काळात १९५० मध्ये अमेरिका सोडून इकडे आला, आणि आठ वर्षं तो ब्रिटिश लोकांना सांगत राहिला की तुमच्याच पायाखाली केवढा खजिना आहे ते बघा. मॅक्कॉल आणि त्याचा साथी, गायक बर्ट लॉइड यांना वाटे, अमेरिकेची पॉप गाणी येऊन सगळं बुडवणार, तेव्हा खाणकामगारानं खाणीचं आणि खलाशानं बोटीचं गाणं म्हणणं हाच प्रतिकार. पलीकडे पेगीचा सावत्र भाऊ पीट सीगर याच विचारांचा, पण त्याचं अनुमान अगदी निराळं. कामगारांच्या सभेत गाणं कुणाचं याला महत्त्व नाही, सगळ्यांचं तोंड उघडलं पाहिजे. पुढची ओळ आधीच बोलून दाखवायची आणि हजार माणसांकडून म्हणवून घ्यायची, ही त्याची हातोटी. १९५५ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे त्यानं साथीदारांची नावं सांगायला नकार दिला, १९६१ मध्ये शिक्षा झाली, पुढच्या वर्षी ती वरच्या कोर्टात रद्द झाली. मोठे मंच आणि टीव्ही बंद झाल्यावर तो शाळांमध्ये, कॉलेजांमध्ये, मुलांच्या उन्हाळी शिबिरांमध्ये गात हिंडला. त्याला गप्प करायला निघालेल्यांनी त्याला लहान मुलांच्या हवाली केलं. बॉस्टनच्या तळघरातले पांढऱ्या केसांचे लोक मला नेहमी त्याच शिबिरांतली मुलं वाटत आले. शेकोटीभोवती बसलेले, अजून उठायला तयार नसलेले.

पेगीच्या घरातली आणखी एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात लहानगी पेगी हरवली होती, ती तिथं काम करणाऱ्या एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय बाईंना सापडली. त्यांनी तिला आईपाशी नेलं, आणि पुढे त्या सीगरांकडे घरकामाला राहिल्या. बाई डावखुऱ्या, सरळ तारांची गिटार उलटी धरून वाजवायच्या, अंगठ्यानं सूर आणि बोटांनी खर्ज. मालगाडीवरचं एक गाणं त्यांनी नॉर्थ कॅरोलायनात मुलगी असतानाच रचलं होतं. पेगी ते शिकली आणि इंग्लंडला येऊन म्हणू लागली. लगेच इथल्या दोघांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवलं, आणि १९५७ मध्ये ते स्किफलच्या तालावर गाजलंही. गाण्यामागे खरी, जिवंत, भांडी घासणारी रचनाकार आहे हे सिद्ध करायला कायद्याचा खटाटोप करावा लागला. बाईंना नव्वदीच्या घरात असताना ग्रॅमी मिळालं. लोकगीताला मालक नसतो असं म्हणायला किती सोपं, आणि ते वाक्य नेमकं कुणाचं घर लुटतं पाहा. हे वाचल्यापासून “कुठून मिळालं तुम्हाला?” या प्रश्नाचा मला पूर्वीइतका राग येत नाही.

उलट दिशेचं उदाहरण अमेरिकन गायक पॉल सायमनचं. १९६५ मध्ये लंडनमध्ये त्यानं मार्टिन कार्थी या इंग्लिश गायकाकडून ‘स्कारबरो फेअर’ हे जुनं इंग्लिश गाणं गिटारच्या बांधणीसकट ऐकलं, आणि पुढच्या वर्षी जगभर गेलेल्या ध्वनिमुद्रिकेवर कार्थीचं नाव नव्हतं. कार्थीच्या मनात ते बरीच वर्षं राहिलं. २००० मध्ये सायमननं त्याला लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र म्हटलं.

नवऱ्यानं लहानपणी मिरजेत व्हायोलिन शिकलेलं. अमेरिकेत असताना त्याला फिडलचं, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचं, वेड लागलं आणि एका ऑगस्टमध्ये तो मला वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपच्या मेळ्याला घेऊन गेला. डोंगरावर तंबूच तंबू, पाऊस, चिखल, बेकनचा धूर, आणि चोवीस तास कुठून ना कुठून फिडल-बॅन्जो. तिथं मंचावर कोण आहे हे फारसं कुणी विचारत नाही. खरा मेळा ताडपत्र्यांखाली. पाच-सहा जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकच धून धरतात आणि पंधरा-पंधरा मिनिटं तीच वाजवत राहतात. गाणं नाही, प्रस्तावना नाही, कुणाचा एकल तुकडा नाही. बॅन्जो ‘ए’ या सुरात लावलेला असला की तास-दीड तास सगळ्या धुना ‘ए’तल्याच, कारण तो पुन्हा कोण लावणार. संपवायचं असलं की सुरुवात करणारा पाऊल उचलतो. नवरा कडेला बसून हळू आवाजात साथ करत होता. कुणी त्याला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आठव्या-नवव्या फेरीत धून त्याच्या हाताला लागली तेव्हा शेजारच्या बॅन्जोवाल्यानं न बघता खुर्ची थोडी सरकवली. अमेरिकन मोकळेपणाबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं, पण मला आवडलेला मोकळेपणा तो, बिनमिठीचा.

त्या माळावरच्या लाकडी इमारतींबद्दल मात्र मला परत आल्यावर कळलं. ते १९४२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी सुरू झालेलं शिबिर. नाव बुकर टी. वॉशिंग्टन आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय विद्वानांवरून. आणि ज्याच्या टणत्कारानं तो डोंगर दणाणतो तो बॅन्जोही आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून इथं घडवलेला. आम्ही गेलो तेव्हा ताडपत्र्यांखालचे चेहरे जवळजवळ सगळे गोरे होते. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात बून इथं कृष्णवर्णीय बॅन्जोवादकांचा मेळावा भरला, त्यातून काही तरुण मुलं जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवाल्याकडे शिकायला जाऊ लागली, आणि मग हळूहळू लोकांच्या जिभेवर ही गोष्ट आली. “सगळ्यांचं आहे, ये, बस” या आमंत्रणात काहीतरी विसरून जाण्याची सोय असते. ते आमंत्रण घेऊनच मी गाणं शिकले, त्यामुळे हे लिहिताना मला कृतघ्नही वाटतंय.

इंग्लंडात मला सर्वांत आवडलेली जागा क्लब नव्हेच. शेफिल्डच्या बाहेर, डोंगरउतारावर डंगवर्थ नावाचं खेडं आहे. मी गेले तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत रविवारी दुपारी तिथल्या रॉयल हॉटेल या पबमध्ये लोक नाताळची गाणी म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात चर्चनं गावकऱ्यांची ही जुनी, जोरकस गाणी बाहेर काढली, ती पबमध्ये जाऊन बसली आणि तिथंच राहिली. मेंढपाळांचं एकच गाणं ते चार-पाच वेगवेगळ्या चालींवर म्हणतात. आत इतकी गर्दी की ग्लास ओठांपर्यंत न्यायला शेजाऱ्याची परवानगी लागते. ओले कोट, लोकर, बिअर, घाम. ऑर्गनवाला सुरू करतो आणि पाठीमागून, अगदी कानाशी, शेतकऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचा खर्ज असा येतो की आपल्याच बरगड्या वाजतात. तिथं कुणी कुणाला काही विचारत नाही. गाणी गावची आहेत, तुम्ही या घटकेला गावात उभे आहात, म्हणा. माझा देव तो नव्हे, माझं गाव ते नव्हे, आणि तरी मी घसा बसेपर्यंत गायले. नंतर बसची वाट पाहताना थंडीनं कुडकुडत नवरा म्हणाला, “हे बॉस्टनला करता येणार नाही.” का, ते त्यालाही सांगता येईना. पण इंग्लंडहून गेलेल्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक गावात १८४८ मध्ये सुरू केलेली नाताळगाणी अजून चालू आहेत, तेव्हा मी त्याच्याशी वाद घातला.

माडीवर मी पुन्हा गेले, अर्थात. तुमच्याकडचं काही, यावर बराच विचार केला होता. माझ्याकडचं म्हणजे काय? पुण्यातल्या कॉलनीत वाढलेल्या मुलीला जात्यावरची ओवी येत नाही. तिला रेडिओवरची भावगीतं येतात, आरत्या येतात, हिंदी सिनेमा येतो. शेवटी भोंडल्याचं गाणं काढलं, एकेक लिंबू झेलत वाढत जाणारं, कारण त्यात दुसऱ्यांना उचलायला जागा आहे. तिसऱ्या लिंबापासून खोली माझ्यासोबत होती, चौथ्याला खालचा स्वर आला, पाचव्याला वरचा. भोंडल्याला हार्मनी! अंगावर काटा आला, आणि थोडं हसूही. मग मध्यंतरात रॅफल, म्हणजे चिठ्ठ्यांची सोडत, झालं. फोक क्लबात रॅफल असतंच, खोलीचं भाडं त्यातून निघतं. झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला आम्ही मुली जशा उतावीळ व्हायचो तसे ते सत्तरीचे लोक बिस्किटांच्या पुड्यासाठी आपापल्या चिठ्ठ्यांकडे टक लावून बसले होते. रॅफलनंतर एका तरुण मुलानं यॉर्कशरच्या जाड उच्चारात अमेरिकन रेल्वेचं गाणं म्हटलं आणि कुणीही हसलं नाही. मी चिठ्ठ्या विकणाऱ्या बाईंना हळूच विचारलं, याला चालतं वाटतं? “तो नेहमी तेच म्हणतो,” त्या म्हणाल्या, “त्याला दुसरं येतच नाही.”

जाताना मात्र ठरलेला प्रश्न आलाच. गाणं कुणाकडून मिळालं, दुसरे पाठ आहेत का, पाचाच्या पुढे जातं का. मला काही सांगता येईना, म्हणून रविवारी आईला फोन लावला. ती म्हणाली, कॉलनीतल्या जोशीकाकूंकडून, त्या रत्नागिरीच्या. पण तू चुकीचं म्हणतेस, शेवट तसा नाही, तो विमलमावशीचा पाठ. मग तिनं दोन्ही शेवट म्हणून दाखवले. पाठोपाठ विचारलं, फेर धरायला किती बायका होत्या? मी म्हटलं, अगं, पुरुषच जास्त होते, आणि सगळे बसलेले.

“बसून?”

पबमध्ये बसूनच म्हणतात, मी समजावायला लागले. जागा नसते, हातात ग्लास असतात.

“बसून कसला आलाय भोंडला,” आई म्हणाली. “बसून म्हणायची वेगळी आहेत. पाळण्याची आहेत, डोहाळ्यांची आहेत. कागद घे, सांगते.”